ओट्यावर राहिलेले एकोणीस माउथपीस

भांडी अर्धी पुसून झाली होती. ताटं जागेवर गेली होती, वाट्या आणि पातेली राहिली होती. सकाळचे साडेसहा वाजत आले होते. हे पाणीपुरवठ्याच्या पहिल्या पाळीला सहालाच गेले होते आणि वन्सं त्याही आधी, पाचच्या बसनं, शाळेचा बँड घेऊन शेजारच्या राज्यातल्या संगीत महोत्सवाला निघाल्या होत्या. घरात मी आणि देवासमोरचा दिवा. ओट्याच्या कोपऱ्यात, खिडकीखाली, मीच आदल्या संध्याकाळी पसरलेलं निळं फडकं दिसलं. म्हटलं, याखालच्या वाट्याही वाळल्या असतील, एकदमच उरकून टाकू. फडकं उचललं.

खाली वाट्या नव्हत्या. पांढऱ्या टॉवेलवर, ओळीनं उपडे घातलेले, बँडचे माउथपीस होते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन अशी जी पितळी वाद्यं असतात, त्यांच्या टोकाला लहानशा पेल्यासारखा एक तुकडा बसवतात. ओठ त्याला लावून फुंकायचं असतं. तो तुकडा नसेल, तर वाद्य कितीही झळझळीत असो, ती एक वाकवलेली नळी. तसल्या नळ्या आमच्या यांच्या गोदामात ढिगानं पडलेल्या आहेत. त्यांना कोणी महोत्सवाला बोलावत नाही.

मी फडकं हातात तसंच धरून घड्याळाकडं बघितलं.

वन्सं म्हणजे आमच्या यांच्या थोरल्या बहीण. शाळेत बँड शिकवतात. माझं लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणींनी बजावलं होतं, "घरात बिनलग्नाची नणंद आहे, जपून राहा हो." मी जपूनच आले. पहिल्याच सकाळी मी कांदा चिरत होते, तर वन्सं येऊन शेजारी उभ्या राहिल्या. बघत नव्हत्या, ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "हात चांगला आहे तुझा. पण घाई करतेस. दर चौथ्या ठोक्याला सुरी घसरते." मला वाटलं, झालं, लागली साडेसाती. पण त्यांनी तेवढं सांगितलं आणि शाळेत निघून गेल्या. बावीस वर्षांत माझ्या स्वयंपाकावर त्यांनी केलेली टीका ती तेवढीच. आणि खोटं कशाला बोलू, ती खरीच होती.

उंची बेताची, चाल झपाझप, आणि बोटं सतत कशावर तरी ठोके मोजत. दाराच्या चौकटीवर, ताटाच्या काठावर, दवाखान्यात डॉक्टरांच्या टेबलावरसुद्धा. मुलं त्यांना 'टकटक बाई' म्हणतात. एकदा कोणीतरी फळ्यावर तसं लिहूनच ठेवलं. वन्संनी त्याखाली लिहिलं, 'ठोके बरोबर, अक्षर सुधारा,' आणि सही केली. मी ही वही लिहायला बसले की जाता जाता म्हणणार, "लिहा, लिहा. मीठ जास्त पडलं तेही लिहा. देवाला हिशेब द्यायचाय ना!" मी म्हणते, "देवाला सगळं ठाऊक असतं वन्सं, मला विसरायला होतं म्हणून लिहिते."

त्यांचे वडील, म्हणजे माझे सासरे, कापडगिरणीत पहारेकरी होते. गिरणीचा स्वतःचा बँड होता, आणि त्याची वाद्यं सासरे रविवारी घासायला घरी आणत. आठ वर्षांच्या पोरीनं पितळ घासता घासता एकदा फुंकून पाहिलं. शेजारची म्हातारी 'कुणाची गाय सुटली ग' म्हणत काठी घेऊन बाहेर आली. हे अजूनही ती गोष्ट चारचौघांत रंगवून सांगतात आणि वन्सं दर वेळी म्हणतात, "सूर मात्र बरोबर लागला होता." पुढं गिरणी बंद पडली. वाद्यं शाळेनं घेतली आणि वाद्यांच्या मागोमाग वन्संही शाळेत गेल्या. आधी मदतनीस, मग बाई. एकतीस वर्षं झाली. मधे एक स्थळ आलं होतं. मुलाच्या आईनं विचारलं, "लग्नानंतर हे गाल फुगवणं बंद करणार ना?" वन्सं म्हणाल्या, "करते की. तुम्ही जेवणं बंद करा." मंडळी चहा अर्धा टाकून उठली.

या महोत्सवाचं बोलावणं शाळेला याआधी दोनदा आलं होतं. पहिल्या वेळी वाटेतला पूल वाहून गेला. दुसऱ्या वेळी हेडमास्तरांनी बस ऐन वेळी फुटबॉलच्या संघाला देऊन टाकली. वन्संनी चौतीस मुलांना गणवेशासकट घरी पाठवलं आणि आठ दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. यंदाचं हे तिसरं बोलावणं. दोन महिन्यांनी वन्सं निवृत्त होणार, म्हणजे हेच शेवटचं. पत्रात आमच्या शाळेची वेळ छापली होती, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. खाली जाड अक्षरांत, 'वेळ चुकल्यास नाव रद्द.' ते पत्र महिनाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर होतं. त्यावर भाजीचा एक थेंब उडाला तर यांना बोलणी बसली.

आता हे माउथपीस ओट्यावर का? तर शाळेच्या नळाला गंजाचं पाणी येतं. म्हणून प्रत्येक कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी वन्सं ते थैलीत घालून घरी आणतात. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि बारीक ब्रश. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत, मलाही नाही. धुऊन झाले की टॉवेलवर उपडे घालायचे आणि सकाळी, मी जुन्या चादरीच्या शिवून दिल्यात त्या नंबरवाल्या पिशव्यांत भरायचे. वाद्यं, स्टँड, गणवेश, वह्या, सगळ्याची यादी असते. माउथपीस यादीत कधीच नसतात. मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, "जे मी स्वतः करते ते यादीत कशाला? मी काय पळून जाणार आहे?"

त्या संध्याकाळी मात्र शाळेतून निरोप आला की बस सातऐवजी पाचला सुटणार. त्यांची धांदल उडाली. त्या वर सामान भरायला गेल्या आणि इकडे मी ओट्यावर फडकं पसरलं. मला उघडं काही बघवत नाही. सासूबाई म्हणायच्या, "हिला सोडली तर आभाळालाही फडकं घालील." पहाटे साडेचारला वन्सं खाली आल्या तेव्हा मी जपाला बसले होते. जपाला बसलेल्या माणसाला हाक मारायची नाही हा त्यांचा नियम, जप अर्धा टाकून उठायचं नाही हा माझा. माझ्या डोळ्यांवर उजेड नको म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातला दिवासुद्धा लावला नाही. अंधारात पाण्याची बाटली चाचपून घेतली आणि गेल्या. दिसलं असेल ते झाकलेल्या भांड्यांसारखंच.

मी फडकं बाजूला टाकलं. आधी फोन लावला. बंद. तो बंदच असणार, हे लावतानाच आठवायला हवं होतं. सहलीला निघालं की वन्सं सगळ्या मुलांचे फोन बंद करून एका बिस्किटांच्या डब्यात ठेवतात, आणि त्या डब्यात पहिला फोन त्यांचा स्वतःचा जातो. नियम म्हणजे नियम. सोबत गेलेले खेळाचे मास्तरही सुटत नाहीत. शाळेला सुट्टी, कचेरीला कुलूप. हे पाळीवर, पंपाच्या घरघरीत यांना फोन ऐकू येत नाही.

देवाला म्हटलं, "हे बघ, माझं फडकं चुकलं असेल, पण त्या पोरांचं काय चुकलं?" आणि तेवढ्यात खाली लाँड्रीच्या गाडीचा हॉर्न वाजला.

आमच्या गल्लीतला लाँड्रीवाला दर आठवड्याला सरहद्दीच्या नाक्याजवळच्या हॉटेलांना धुतलेल्या चादरी पोचवतो. वन्संच्या वेळापत्रकात मी वाचलं होतं की नाक्यावर वाद्यांची तपासणी होते, दोनेक तास तिथं जातात. टॉवेलची चारही टोकं धरून हिसक्यानं उचलली, गाठोडं बांधलं. हिसक्यात कुठंतरी टण्णकन काही वाजलं. वाटलं, चमचा पडला असेल. मोजायला वेळ कुणाला होता? वहीत एक ओळ खरडली, वही टेबलावर उघडी ठेवली, दार ओढलं आणि घरातल्या चपलांनिशी जिना उतरले.

"भाऊ, नाक्यापर्यंत नेता का? आत्ताच्या आत्ता."

लाँड्रीवाल्यानं माझ्याकडं, गाठोड्याकडं आणि चपलांकडं बघितलं. "घरात भांडण झालं का ताई?"

"भांडण नाही हो. वन्सं माउथपीस विसरल्या."

"म्हणजे तिकडं त्यांचा बँड वाजणार," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. मग माझं तोंड बघून त्यानं मागचं दार उघडलं. "बसा. पुढं इस्त्रीच्या कोटांची पेटी आहे, मागं बसावं लागेल. चादरींवर बसा, पण पाय वर घेऊ नका."

चादरींच्या गठ्ठ्यांत मी बसले. साबणाचा वास, खाली गरम इंजिन, हातात माळ आणि मांडीवर गाठोडं. निम्म्या वाटेवर लक्षात आलं की फोन ओट्यावरच राहिला. आता माउथपीस माझ्याकडं आणि फोन ओट्यावर. म्हणजे आमच्या घरातून काहीतरी विसरल्याशिवाय कोणी बाहेर पडूच शकत नाही की काय? लाँड्रीवाल्यानं स्वतःचा फोन पुढं केला, "घ्या, लावा." पण नंबर कोणाला पाठ असतो हल्ली! वन्संचा नंबर माझ्या फोनात, आणि माझ्या डोक्यात फक्त वाणसामानाच्या दुकानाचा.

वाटेत एका लॉजपाशी त्यानं गाडी थांबवली. म्हणाला, "ताई, माफ करा, यांना नवाच्या आत चादरी लागतात." मी उतरले आणि गठ्ठे उचलायला लागले. "अहो ताई, तुम्ही कशाला?" "दोघांनी केलं तर लवकर होईल," म्हटलं. लॉजच्या मॅनेजरनं त्याला विचारलं, "नवीन बाई ठेवली का?" लाँड्रीवाला म्हणाला, "ठेवली नाही, देवानं पाठवली. संध्याकाळपर्यंतच आहे."

पुढची वाट डोंगरातली, वळणाची. प्रत्येक वळणाला मी गाठोडं पोटाशी धरायची आणि विचार करायची, बस पुढं निघून गेली असेल तर काय? नाक्यापलीकडं लाँड्रीवाला जाणार नव्हता. मी उभ्या आयुष्यात एकटीनं राज्याबाहेर गेलेली नाही. माळेचा किती वेळा फेरा झाला ते मोजलं नाही. वन्संनी मोजला असता.

अकराला पाच मिनिटं असताना नाका आला. ट्रकांची रांग, धूळ, मधे एक पत्र्याची शेड. आमच्या शाळेची बस दिसेना. लाँड्रीवाल्यानं काच खाली केली आणि म्हणाला, "ताई, ऐका."

शेडच्या मागून आवाज येत होता. वाद्यांचा नाही, माणसांचा. "पॅ पॅ पॅऽऽ, पॅ पॅऽऽ." मी गाडीतून उतरून पळत मागं गेले.

मागच्या मोकळ्या जागेत बस उभी होती आणि तिच्या सावलीत चौतीस मुलं अर्धवर्तुळात बसली होती. पितळी वाद्यं मांडीवर. बोटं बरोबर कळांवर पडत होती, पण वाद्यांतून चकार शब्द नाही. प्रत्येक मूल आपला भाग तोंडानं गात होतं. ट्रॉम्बोनवाली दोन थोराड मुलं 'भों भों' करत होती, ट्रम्पेटवाल्या मुली 'पॅ पॅ', आणि मागं ड्रमवाले मांड्यांवर ठेके धरून. समोर वन्सं, चुन्यानं रंगवलेल्या दगडावर उभ्या, हातात पेन्सिल. तपासणीचे साहेब हातातला चहा गार करत बाजूला उभे होते. तीन ट्रकवाले टायरवर बसून ऐकत होते.

वन्संनी मला पाहिलं. पेन्सिल थांबली नाही. त्यांनी तो भाग शेवटपर्यंत नेला, मुलांचा श्वास सुटू दिला, मग दगडावरून उतरल्या आणि माझ्याकडं आल्या.

"दहा मिनिटं उशीर केलास, वहिनी."

"लॉजवर चादरी उतरवत होते," मी म्हटलं.

त्यांनी गाठोडं हातात घेतलं. घाईत गाठ सुटेना. मी सोडली. वन्संनी माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली. बोटं ठोके मोजत नव्हती. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

झालं होतं ते असं, जे खेळाच्या मास्तरांनी मला नंतर बसमध्ये सांगितलं. साहेबांनी यादीप्रमाणे वाद्यं तपासायला पेट्या उघडायला लावल्या. पहिल्या पेटीतला माउथपीसचा खण रिकामा. दुसरीतला रिकामा. तिसरी वन्संनी उघडलीच नाही. त्या पेटीवर बसल्या. मास्तर म्हणाले, "बाईंचा चेहरा बघून मला वाटलं, डॉक्टर बोलवावा लागतोय." मग त्यांनी बिस्किटांचा डबा काढायला लावला आणि घरी फोन केला. एकदा नाही, चौदा वेळा. माझा फोन ओट्यावर वाजत होता, एकटाच.

ड्रायव्हर म्हणाला, कागद झालेत, पुढं जाऊ, तिथं कुणाकडून तरी मागून घेऊ. मास्तर म्हणाले, परत फिरू. वन्संनी घड्याळ बघितलं. म्हणाल्या, "वहिनी साडेसहाला भांडी पुसायला घेते. आधी ताटं, मग वाट्या. पावणेसातला फडकं उचलेल. आज लाँड्रीच्या गाडीचा दिवस. सातला निघाली तर पावणेअकरापर्यंत इथं येईल. साडेअकरापर्यंत थांबायचं." ड्रायव्हर म्हणाला, "आणि नाही आल्या तर?" वन्सं म्हणाल्या, "तुम्ही ओळखत नाही तिला." आणि मुलांना खाली उतरवलं. "वाद्याला तोंड नसलं तरी तुम्हाला आहे. गा."

हे ऐकलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत बसले. नणंद-भावजयीचं नातं म्हटलं की लोक उगाच डोळे मिचकावतात. माझ्या हाताच्या घाईवरून पहिल्या दिवशी जिनं मला टोकलं, तिनं चौतीस पोरांची मेहनत आणि स्वतःची एकतीस वर्षं माझ्या भांडी पुसण्यावर सोडून दिली होती.

पण सांगता सांगता मी जरा पुढं गेले. नाक्यावरच वन्संनी टॉवेल उलगडून मोजायला घेतलं. सतरा, अठरा. परत मोजलं. अठराच.

"अकरा नंबर नाही," वन्सं म्हणाल्या.

अकरा नंबर म्हणजे सगळ्यांत लहान मुलगी, ट्रम्पेटच्या रांगेत शेवटची. तिला सगळे चिमणी म्हणतात. तिनं नुसतं "बाई" म्हटलं आणि डोळे भरून आले. मला तो टण्ण आवाज आठवला आणि जमीन दुभंगली तर बरं असं झालं.

"माझ्या हातून राहिला," मी म्हटलं.

"माझ्या हातून एकोणीस राहिले होते," वन्सं म्हणाल्या. "चला, बसा गाडीत. चिमणे, रडून श्वास संपवू नकोस, तो संध्याकाळी लागणार आहे."

लाँड्रीवाला परत जायला निघाला. मलाही त्याच्याबरोबरच जायचं होतं, पण वन्सं म्हणाल्या, "मागच्या बाकावर जागा आहे. एवढी आलीस, आता वाजताना ऐकूनच जा." "अंगावरचे कपडे तरी बघा माझे," मी म्हटलं. "कोणी तुला बघायला येणार नाहीये," वन्सं म्हणाल्या. लाँड्रीवाल्यानं सांगितलं की यांना तो निरोप देईल. त्यानं काय निरोप दिला ते पुढं कळलं.

अडीचला पोचलो. मोठं सभागृह, मागं अंगण, आणि अंगणभर बँडच बँड. लाल, हिरवे, निळे गणवेश, सगळीकडून एकाच वेळी वेगवेगळे सूर. मला तर भांड्यांच्या दुकानात मांजर शिरल्यासारखं वाटलं. वन्सं चिमणीचं बोट धरून निघाल्या. त्यांना मागण्याची सवय नाही. घरात साखर संपली तर शेजारी न मागता बिनसाखरेचा चहा पितात. पहिल्या बँडचे सर म्हणाले, आमच्याकडं जास्तीचा नाही. दुसऱ्या बाई म्हणाल्या, बाई, दुसऱ्याला माउथपीस द्यायचा म्हणजे दात घासायचा ब्रश द्यायचा. ते खरंच आहे.

तिसरे एक पोट सुटलेले, जाड मिशांचे बँडमास्तर ड्रमच्या पेटीवर बसून पाव खात होते. त्यांच्या बँडची वेळ होऊन गेली होती, ते निघायच्याच बेतात होते. त्यांनी वन्संचं ऐकून घेतलं, चिमणीकडं बघितलं आणि विचारलं, "कितवीत ग?"

"सहावीत."

"ट्रम्पेटच का घेतलंस? मुली बासरी घेतात."

चिमणी म्हणाली, "बासरीचा आवाज आईला स्वयंपाकघरात ऐकू जात नाही."

मास्तर हसले, पोट हललं. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून रुमालात गुंडाळलेला माउथपीस काढला. "माझा स्वतःचा आहे. त्याआधी माझ्या वडिलांचा होता. तुमचं होईपर्यंत मी थांबू शकत नाही, माझी बस साडेतीनला आहे. परत पाठवाल?"

"माझ्या हातानं टपालात टाकीन," वन्सं म्हणाल्या. मास्तरांनी कार्यक्रमपत्रिकेच्या मागं आपला पत्ता लिहून दिला.

आणि मग वन्संनी काय करावं? चहाच्या टपरीवरून पेलाभर कोमट पाणी मागून आणलं, माझ्याकडून टॉवेलचा कोपरा घेतला, आणि त्या गर्दीत, वाजण्याला तास राहिलेला असताना, तो माउथपीस धुऊन, पुसून, उजेडात धरून बघितला. मग चिमणीला दिला.

चार वाजून दहा मिनिटांनी आमच्या शाळेचं नाव पुकारलं. मी सगळ्यांत मागच्या रांगेत, घरातल्या चपलांत, मांडीवर तो ओला टॉवेल घेऊन बसले होते. संगीतातलं मला काही कळत नाही. घरी सराव चालतो तेव्हा मला प्रत्येक जण वेगळं ओरडतोय असं वाटायचं. त्या दिवशी तसं नव्हतं. सकाळी नाक्यावर एकमेकांचं गाणं ऐकलं होतं ना मुलांनी, बिनवाद्याचं, उघडं. आता वाजवतानाही एकमेकांचं ऐकत होती. दुसऱ्या तुकड्यात ट्रॉम्बोनवाला एक पोरगा अर्धा ठोका आधी घुसला. वन्संनी त्याच्याकडं पाहिलं, आणि बाकीच्यांनी त्याला असं सांभाळून घेतलं, जसं जिन्यावर घसरलेल्याला पुढच्यानं न बघता हात द्यावा. चिमणीचा आवाज मला शेवटच्या रांगेत ऐकू आला. तिच्या आईला स्वयंपाकघरात नक्की आला असता.

आमचा नंबर आला नाही. एक प्रशस्तिपत्र मिळालं, ते सगळ्यांनाच मिळालं. खेळाच्या मास्तरांनी हळूच विचारलं, "बाई, वाईट वाटलं का?"

वन्सं मागच्या खोलीत ड्रमच्या पेटीवर बसल्या होत्या. बूट काढून ठेवले होते. म्हणाल्या, "वाजलं ना? वेळेत वाजलं. काही खायला आहे का?"

सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं. मुलांच्या खाऊतली केळी उरली होती. त्यांनी एकामागून एक चार केळी खाल्ली. मी बघत बसले. मग पाचवं त्यांनी माझ्या हातात दिलं. मग आठवलं, मीही उपाशीच होते.

रात्रीचा मुक्काम तिथंच झाला. काल दुपारी घरी पोचलो तर दारातच हे उभे.

"काय हो, ही काय चिठ्ठी ठेवायची पद्धत?" म्हणून यांनी माझी वही नाचवली. मी घाईत लिहून गेले होते, 'वन्सं विसरल्या. लाँड्रीवाल्याबरोबर जाते.' बस, एवढंच.

"नवरा पाळीवरून घरी येतो, दिवा विझलेला, भांडी अर्धी, बायको नाही, आणि वहीत हे! वर तो लाँड्रीवाला येऊन सांगतो, 'साहेब, ताईंना नाक्यावर सोडून आलो, त्या काही आज परत येत नाहीत.' माणसानं काय समजायचं?"

वन्सं बूट सोडता सोडता म्हणाल्या, "समजायचं की चादरी तरी स्वच्छ मिळतील." आणि हसायला लागल्या. हेही हसले. मी देवासमोर दिवा लावायला गेले, हसूही तिथंच आवरलं.

भांडी तशीच ओट्यावर होती. एक अख्खा दिवस पडलेली. यांनी एका वाटीलाही हात लावला नव्हता, ते वेगळं सांगायला नको. मी फडकं घेतलं आणि जिथं सोडलं होतं तिथून सुरू केलं. वाट्या झाल्या. पातेलं उचललं, तर आत काहीतरी गडगडलं.

अकरा नंबर.

"वन्संऽऽ," मी हाक मारली. त्या आल्या, पातेल्यात डोकावल्या. मग पातेल्याच्या काठावर बोटानं चार ठोके दिले आणि म्हणाल्या, "हे पातेलं आता शाळेच्या यादीत लिही."

पुढच्या वेळी कोण यादी करणार, कोण माउथपीस धुणार, मला ठाऊक नाही. शेवटचं होतं ते झालं, वेळेत झालं, एवढ्यानं काल मला गाढ झोप लागली. आज पहाटेचा जपही नेहमीपेक्षा लवकर संपला, किंवा मला तसं वाटलं असेल.

आज सकाळी वन्संनी त्या बँडमास्तरांचा माउथपीस पुन्हा कोमट पाण्यात धुतला. मी त्याला जुन्या चादरीची एक पिशवी शिवली, हिच्यावर नंबर घातला नाही. ओट्यावर तो वाळत होता तोवर मी त्यावर फडकं पसरलं नाही. अकरा वाजलेत. वन्संनी पत्ता दोनदा ताडून पाहिला, पुडकं दोऱ्यानं बांधलं आणि आता त्या चपला घालताहेत. टपाल कचेरीत जायचंय, पार्सल टाकायला.